रॅकेट 8.0 : बदललेला कारभार, राखलेली वहिवाट

संगणकाच्या एखाद्या भाषेची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली म्हणजे तिच्याबरोबर नवलाईंची एक यादी येते, आणि ती यादी जितकी लांब तितकी आवृत्ती थोर, असा समज भाषा रचणाऱ्यांत आणि वापरणाऱ्यांत सारखाच रूढ झालेला आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये रॅकेट ह्या लिस्पवंशीय भाषेची आवृत्ती 8.0 निघाली, तेव्हा तिला ह्या मापाने मोजणाऱ्यांच्या पदरी निराशा आली असल्यास नवल नाही. कारण जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत घालून चालवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी तेच उत्तर आणि तीच शब्दरचना आढळली. आणि तरीही ह्या भाषेच्या पाव शतकाच्या इतिहासात इतकी मोठी उलथापालथ पूर्वी कधी झाली नव्हती. ज्या यंत्रणेच्या आधारावर ती 1995 पासून चालत आली होती ती बाजूला सारून तिच्या जागी, सर्वस्वी निराळ्या घराण्यात वाढलेली, चेझ स्कीम नावाची यंत्रणा बसवण्यात आली, आणि ह्या कामी काही वर्षे खर्ची पडली. वापरणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये हीच ज्या कामाच्या यशाची कसोटी, अशा कामाचे वर्णन पुढील पानांत आहे. त्यामुळे हे वर्णन मुळात करायचे कशासाठी, ह्याचा जबाब देणे प्रस्तावनाकाराला भाग आहे.

तो देण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लिस्पचा जन्म 1958 सालचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत जॉन मॅकार्थी ह्यांनी तिची कल्पना मांडली आणि 1960 मध्ये तिच्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लिस्पमधील कोणत्याही वाक्याचा अर्थ लावणारे एक फंक्शन मॅकार्थींनी लिस्पमध्येच लिहून दाखवले होते. त्यांच्या दृष्टीने ते केवळ सैद्धांतिक प्रतिपादन होते, परंतु त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल ह्यांनी ते आयबीएम 704 ह्या यंत्राच्या भाषेत हाताने उतरवले, आणि कागदावरची भाषा एकाएकी चालू लागली. ह्या लहानशा घटनेत पुढच्या साऱ्या प्रकरणाचे बीज आहे. भाषेचा अर्थ त्याच भाषेत सांगता येतो हे मॅकार्थींनी सिद्ध केले. तो यंत्राच्या कानी घालण्यासाठी कोणीतरी मध्यस्थ लागतो हे रसेल ह्यांनी दाखवून दिले. 1962 मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन ह्यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि मध्यस्थाची मातब्बरी कमी केली; तेव्हापासून आपला कंपायलर आपल्याच भाषेत असावा हा लिस्पकारांचा कुलाचार ठरला. तो सर्वांनी पाळला असे मात्र नाही.

ह्या कुळातील स्कीम ही शाखा 1975 मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील ह्यांनी काढली. थोडक्या नियमांत पुष्कळ सामर्थ्य हे तिचे ब्रीद, आणि 1998 सालचा तिचा प्रमाण-अहवाल पन्नासच्या आसपास पृष्ठांत आटोपला आहे हा त्याचा पुरावा. रॅकेटचा उगम ह्या शाखेत आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या मध्यावर, मॅथायस फेलाइझन आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी शाळकरी मुलांना प्रोग्राम रचण्याची विद्या शिस्तीने शिकवता यावी ह्या हेतूने पीएलटी नावाचा गट उभा केला, आणि त्या हेतूसाठी सोयीचे साधन हवे म्हणून मॅथ्यू फ्लॅट ह्यांनी 1995 मध्ये एमझेडस्कीम ही यंत्रणा रचण्यास आरंभ केला. ती रचताना फ्लॅट ह्यांनी शून्यापासून सुरुवात केली नाही. ब्रेंट बेन्सन ह्यांची लिबस्कीम नावाची, सी भाषेत लिहिलेली एक आटोपशीर प्रणाली त्यांनी आधारास घेतली आणि तिच्यावर भर घालीत गेले. सी भाषेची ही निवड तेव्हा शहाणपणाचीच होती. ज्या ज्या यंत्रावर सीचा कंपायलर मिळे त्या त्या यंत्रावर एमझेडस्कीम पोहोचे, आणि शाळांतून काय काय यंत्रे असतील ह्याचा भरवसा कोणी द्यावा?

परंतु सोयीसाठी पत्करलेला हा आधार पुढे ओझे होत गेला. भाषा वाढली तसा तिचा सी भाषेतील गाभाही वाढला आणि लाखाहून अधिक ओळींचा झाला. त्यात मॅक्रोंचा विस्तार करणारा भाग होता, थ्रेडांचा कारभार होता, वाचन-लेखनाची सारी यंत्रणा होती, बाइटकोडचा अर्थ लावणारा इंटरप्रिटर होता आणि पुढे त्याला जोडलेला, चालता चालता यंत्रभाषा निर्माण करणारा कंपायलरही होता. टाकाऊ झालेली स्मृती परत मिळवणारा गार्बेज कलेक्टर प्रारंभी अंदाजावर चालणारा होता. एखादा आकडा पत्त्यासारखा दिसला तर तो पत्ताच असेल असे धरून तो चाले. त्याच्या जागी अचूक कलेक्टर आणायचे ठरले तेव्हा सी भाषेतील प्रत्येक फंक्शनात कोणते चल पत्ते धरून आहेत ह्याची नोंद ठेवणे प्राप्त झाले, आणि इतकी नोंद हाताने ठेवणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे सीचा मजकूर वाचून त्यात ह्या नोंदी आपोआप घुसवणारे एक स्वतंत्र साधन तयार करावे लागले. हे साधन मोठ्या कौशल्याचे होते ह्यात शंका नाही. पण ज्या भाषेचा अभिमान असा की तिच्यात दुसऱ्या भाषा रचता येतात, तिच्या स्वतःच्या पोटात सी भाषेची अशी मशागत चाललेली असावी, आणि त्या पोटात हात घालण्याचे धाडस बोटांवर मोजण्याइतक्या व्यक्तींनाच व्हावे, ही स्थिती भूषणावह नव्हती.

मधल्या काळात भाषेने पुष्कळ रूपे पालटली, आणि ती सर्व डोळ्यांना दिसणारी होती. 2008 मधील चौथ्या आवृत्तीत जोड्या, म्हणजे लिस्पच्या याद्या ज्यांच्यापासून बनतात ते दोन-दोन घटकांचे संच, अपरिवर्तनीय करण्यात आल्या. एकदा बांधलेली जोडी पुन्हा फिरवता येईनाशी झाली. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत लोकांनी मोजली. त्याच वर्षाच्या आरंभी पॉल ग्रॅहम ह्यांनी एमझेडस्कीमवर उभारलेली आर्क ही भाषा प्रसिद्ध झाली होती, तिला जोड्या बदलता येणे आवश्यक होते, आणि म्हणून ती वर्षानुवर्षे तिसऱ्या मालिकेतील जुनी आवृत्तीच मागत राहिली. 2010 मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर पीएलटी स्कीम हे नाव टाकून रॅकेट हे नाव घेण्यात आले, कारण भाषा आता स्कीमच्या प्रमाण-अहवालांच्या चौकटीत मावत नव्हती. नाव बदलल्याची चर्चा फार झाली. गाभा तोच राहिल्याची झाली नाही. नामांतराला गर्दी जमते आणि जमाखर्चाच्या वह्या कोण लिहितो ह्याची पृच्छा कोणी करीत नाही, हा अनुभव इतर क्षेत्रांतही येतो.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. आर. केंट डिबव्हिग ह्यांनी चेझ स्कीमची पहिली आवृत्ती 1985 मध्ये पूर्ण केली आणि पुढे इंडियाना विद्यापीठातील अध्यापन सांभाळून ते तिची मशागत करीत राहिले. हा स्कीमचा कंपायलर स्कीममध्येच लिहिलेला आहे, आणि त्याच्या रचनेत डिबव्हिग ह्यांनी एक कडक जाबता पाळला, ज्याचा उल्लेख ह्या विषयाच्या कोणत्याही विवेचनात टाळता येणार नाही. कंपायलरमध्ये प्रोग्राम वेगवान करणारी एखादी नवी युक्ती घालायची असेल तर तिने स्वतःचा खर्च स्वतः भागवला पाहिजे. म्हणजे, कंपायलरने स्वतःलाच पुन्हा संकलित करून पाहावे, आणि युक्तीमुळे वाढलेले काम त्याच युक्तीने आलेल्या वेगातून वसूल होत नसेल तर ती युक्ती कितीही विद्वत्तापूर्ण असो, तिला दरवाजा बंद. इतका निष्ठुर हिशेब वर्षानुवर्षे ठेवल्यामुळे चेझचा कंपायलर स्वतः चपळ राहिला आणि त्याने निर्माण केलेली यंत्रभाषाही चपळ राहिली. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि ती आवृत्ती 8.0 च्या यादीत कुठेही सापडत नाही.

चेझ दीर्घकाळ व्यापारी माल होता. 2011 मध्ये सिस्को कंपनीने त्याची मालकी घेतली, आणि 2016 मध्ये तिनेच त्याचा मजकूर सर्वांस खुला केला. हा दरवाजा उघडला नसता तर पुढील कथा घडली नसती. त्या वेळी युटा विद्यापीठात असलेल्या फ्लॅट ह्यांनी 2017 च्या प्रारंभी रॅकेट चेझवर आणण्याचा विचार जाहीर केला. त्याची पूर्वतयारी म्हणून मॅक्रोंचा विस्तार करणारा जुना भाग काढून तो रॅकेटमध्येच नव्याने लिहिण्यात आला आणि 2018 च्या सातव्या आवृत्तीत तो रुजू झाला. पाठोपाठ थ्रेड, वाचन-लेखन, मजकुरातील आकृतिबंध शोधणारी यंत्रणा, असे एकेक खाते सीच्या ताब्यातून काढून रॅकेटच्या हवाली करण्यात आले, आणि रॅकेटचे वाक्य घेऊन ते चेझला समजेल अशा वाक्यात मांडून देणारा एक थर मध्ये घालण्यात आला.

हा मधला थर सोपा वाटतो, पण दोन भाऊबंद भाषांतील फरक परक्या भाषांतील फरकांहून अधिक फसवे असतात. फंक्शनला दिलेले घटक डावीकडून उजवीकडे क्रमानेच तपासले जातील असे वचन रॅकेट देते. चेझ असे कोणतेही वचन देत नाही आणि सवडीनुसार क्रम बदलण्याची मुभा राखून ठेवते. ह्या मुभेचा वेगाला उपयोग होतो, म्हणून ती सरसकट काढून घेणे परवडत नाही. जिथे क्रमाने परिणामात फरक पडू शकतो तिथेच तो बांधून द्यायचा, आणि अन्यत्र चेझला मोकळे सोडायचे, अशी तजवीज करावी लागली. दुसरा फरक अधिक खोल होता. रॅकेटमध्ये प्रोग्रामच्या चालू असलेल्या कामाच्या साखळीवर खुणा ठेवता येतात आणि पुढे त्या वाचता येतात; अपवाद हाताळणे, चुकीचा माग काढणे, तात्पुरत्या मूल्यांची सोय करणे हे सर्व ह्या खुणांवर चालते. चेझमध्ये उरलेल्या कामाची साखळी हाती धरण्याची, म्हणजे कंटिन्युएशनची, सोय पूर्वापार उत्तम होती, रॅकेटच्या जुन्या यंत्रणेहून कितीतरी स्वस्त होती, पण ह्या खुणा तिला ठाऊक नव्हत्या. त्या बाहेरून लादल्या तर सगळा वेग त्यांच्यातच जिरून जाई. अखेर चेझच्या कंपायलरमध्येच त्यांना जागा करून देण्यात आली, आणि त्या कामाचा वृत्तांत फ्लॅट आणि डिबव्हिग ह्यांनी मिळून 2020 मध्ये एका निबंधाच्या रूपाने मांडला. थ्रेडांच्या बाबतीत मात्र चेझकडे आयती सामग्री होती. ठरावीक इंधन देऊन काम सुरू करायचे आणि ते संपताच काम जागच्या जागी थांबवून दुसऱ्याला पाळी द्यायची, ही 'इंजिन'ची कल्पना स्कीमच्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकातच मांडून ठेवली होती.

2019 च्या ऑगस्टमधील 7.4 ही आवृत्ती आली तेव्हा चेझवरील रॅकेट रोजच्या कामास योग्य ठरल्याचे जाहीर झाले, पण वेगळी निवड न केल्यास मिळणारी यंत्रणा जुनीच ठेवण्यात आली. 8.0 मध्ये ही उतरंड उलटली. जुन्या यंत्रणेला आता 'बीसी' म्हणतात आणि नव्या यंत्रणेला 'सीएस'. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि एल्फिन्स्टन ह्यांच्या हाती कारभार आला तेव्हा गावगाड्याची जुनी वहिवाट शक्यतो न मोडण्याचे धोरण ठेवले गेले, आणि कुलकर्ण्याचे दप्तर पूर्ववत लिहिले जात राहिले. रॅकेटच्या गावात 2021 साली घडले ते वरून पाहता ह्याच मासल्याचे होते. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की येथे जुन्या धन्यानेच नव्या कारभाऱ्याला सन्मानाने बोलावून आणले, आणि आपल्या सवयी त्याला शिकवल्या.

वहिवाट राखली म्हणजे काहीच मोडले नाही असे नव्हे. जुन्या गाभ्याशी सी भाषेतून थेट बोलणारे जे जोडकाम लोकांनी वर्षानुवर्षे केले होते ते नव्या यंत्रणेत निकामी ठरले. ज्यांनी रॅकेटच्या बाजूने परकीय फंक्शने बोलावण्याची रीत पत्करली होती ते निभावले. अर्ध्या लांबीचे दशांश आकडे, ज्यांना एकेरी अचूकतेचे म्हणतात, सीएसमध्ये मिळत नाहीत. संकलित केलेला मजकूर आता बाइटकोडऐवजी यंत्रभाषेत असतो, त्यामुळे तो अधिक जागा खातो. आणि एखादे वाक्य फारच प्रचंड असेल, दहा हजार पदांच्या वर गेले, तर त्याचा बाहेरचा सांगाडा संकलित न करता त्याचा केवळ अर्थ लावत जायचे असे ठरवावे लागले, कारण यंत्रभाषा घडवण्याचा वेळ वाक्याच्या आकाराबरोबर बेसुमार वाढतो. वेगाच्या बाबतीत सरसकट निकाल देणे धाडसाचे होईल: आकडेमोड, खोल पुनरावर्तन आणि कंटिन्युएशन ह्यांवर ज्यांचा भार ते प्रोग्राम लाभात राहिले; इतर अनेक ठिकाणी दोन्ही यंत्रणा तुल्यबळ ठरल्या, आणि संकलनाचा वेळ काही ठिकाणी वाढला. वेगासाठीच हा खटाटोप केला अशी ज्यांची समजूत असेल त्यांना हा ताळेबंद फिका वाटेल.

माझे मत असे की वेग हा ह्या बदलाचा दुय्यम लाभ होता, आणि खरा लाभ दुरुस्तीच्या अधिकाराचा. ज्याला रॅकेट येते त्याला आज रॅकेटच्या मॅक्रो-विस्ताराची, थ्रेडांची, वाचन-लेखनाची यंत्रणा वाचता येते, तिच्यातील दोष शोधता येतो आणि तो दुरुस्त करून देता येतो. त्यासाठी सी भाषेतील त्या जुन्या रानात शिरण्याचे कारण उरले नाही. शिकण्यासाठी रचलेल्या भाषेला तिच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी पुढे कारभारी म्हणून मिळेल ही आशा त्यामुळे प्रथमच वास्तवाच्या जवळ आली. सीचा अंश पूर्ण नाहीसा झालेला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे: चेझच्या तळाशी एक सी-गाभा आहे, आणि फायली, जाळे इत्यादींसाठी प्रचालन-प्रणालीशी बोलणारा रॅकेटचा एक पातळ थरही सीमध्येच आहे. पण आता तो मुनीम आहे, मालक नाही.

ह्यात एक गमतीचे कोडे दडलेले आहे, आणि त्याची उकल जाणकाराला विशेष आवडेल. चेझचा कंपायलर चेझमध्ये लिहिलेला. तेव्हा चेझ तयार करायला आधी तयार चेझ हवा. ह्या चक्रातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पूर्वी कोणीतरी तयार करून ठेवलेली प्रत घेणे, पण ती घेताना तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. रॅकेटकारांनी दुसरी वाट काढली. जुन्या बीसी यंत्रणेवर चेझचे पुरेसे सोंग आणता येईल असा एक थर त्यांनी लिहिला, त्या सोंगावर चेझचा कंपायलर चालवला, आणि त्याच्याकडून खऱ्या चेझची पहिली प्रत करून घेतली. निवृत्त कारभाऱ्याला ह्या एका कामासाठी अजून मान आहे.

आणि देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. रॅकेटसाठी चेझमध्ये जे फेरफार झाले, नव्या प्रकारच्या प्रोसेसरांसाठी जी भर पडली, ती काही वर्षे वेगळ्या शाखेत राहिली. 2024 मध्ये चेझ स्कीमची दहावी आवृत्ती निघाली तेव्हा ती भर मूळ प्रवाहात सामील करण्यात आली. रॅकेट ज्यांनी कधी पाहिलेही नाही अशा चेझच्या वापरकर्त्यांना तिचा लाभ आज मिळतो आहे.

मराठी वाचकाला ह्या सर्वांत जवळचे काय, असा प्रश्न कोणी करील. रॅकेटमध्ये चलांची आणि फंक्शनांची नावे देवनागरीत ठेवता येतात, ही मोकळीक नव्या यंत्रणेतही शाबूत आहे. 'बेरीज' नावाचे फंक्शन लिहून त्याला 'पहिला' आणि 'दुसरा' असे दोन घटक द्यावेत, काही बिघडत नाही. मात्र मजकुराची लांबी विचारली तर भाषा युनिकोडच्या संकेतांची संख्या सांगते, आणि 'पुणे' ह्या शब्दाची लांबी चार भरते, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. आठव्याच मालिकेत पुढे, 2022 मध्ये, डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षरसमूहांची गणना करणारी फंक्शने आली, आणि त्यांच्या मोजणीत 'पुणे' दोनच अक्षरांचे ठरते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने जुना सर्व हिशेब ह्या दृष्टीने एकदा तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ओळी तोडणे, स्तंभ जुळवणे, नावाच्या रकान्याला मर्यादा घालणे, ह्या सर्व ठिकाणी चार आणि दोन ह्यांतला फरक मुकाट्याने घोटाळे करीत असतो.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांचे जुने काम सी भाषेतील जोडण्यांवर अवलंबून आहे त्यांनी आवृत्ती बदलण्यापूर्वी परकीय फंक्शनांवरील भाग प्रथम वाचावा आणि त्यानंतरच जुनी स्थापना काढावी. ज्यांचे काम निव्वळ रॅकेटमध्ये आहे त्यांनी ते नव्या आवृत्तीत एकदा पुन्हा संकलित करावे आणि मगच पुस्तकाकडे वळावे. ज्याला भाषेच्या पोटात डोकावण्याची हौस आहे त्याने मॅक्रो-विस्ताराच्या प्रकरणापासून आरंभ करावा, आणि वाचताना त्या यंत्रणेचा मूळ मजकूर शेजारी उघडा ठेवावा. तो रॅकेटमध्येच आहे.